बूड कुठलं, शेंडा कुठला

१

काडी उलटी लावली तर मरते. बूड मातीत आणि शेंडा वर, एवढं साधं गणित; पण पानं खुडलेल्या, बोटभर जाडीच्या हजार काड्या समोर पडल्या की भल्याभल्यांची भंबेरी उडते. मुंगीची कधी उडाली नाही. ती काड्यांकडे बघायचीसुद्धा नाही. बाजूच्या बाईशी गप्पा मारत एकेक काडी उचलायची, दोन बोटं तिच्यावरून फिरवायची आणि सुलटी करून वाफ्यात खोचायची. वय चव्वेचाळीस, वजन विचारू नये, पण अख्ख्या नर्सरीत तिला मुंगीच म्हणत. लहानपणी बापानं ठेवलेलं नाव कातडीसारखं चिकटलं होतं.

काड्या रानगुलाबाच्या. याला नर्सरीत कुणी गुलाब म्हणत नाही, खुंट म्हणतात. पाच पाकळ्यांचं पांढरं फूल, तेही वर्षातून एकदा. त्याला विचारतो कोण? पण मुळं मात्र राक्षसाची. दगडात रुजतो, पाण्यावाचून तगतो, छाटला तर दुप्पट फुटतो. वाकलेला शेंडा जिथे जमिनीला टेकेल तिथे मूळ धरतो. म्हणून नर्सरीवाले त्याच्या खोडावर बागेतल्या देखण्या गुलाबाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला इवला कोंब, भरतात आणि डोळा फुटला की वरचा रानगुलाब कापून टाकतात. मुळं याची, मिरवायचं दुसऱ्यानं.

हे सगळं मुंगीला अप्पांनी शिकवलं. अप्पा म्हणजे तिचे वडील, चाळीस वर्षं त्याच नर्सरीत कलमं बांधणारे, डावखुरे, तोंडानं फटकळ. ती सहा-सात वर्षांची असताना ते तिचे डोळे झाकायचे, हातात काडी द्यायचे आणि म्हणायचे, "मुंगे, सांग बघू. बूड कुठलं, शेंडा कुठला?" युक्ती काट्यांत होती. रानगुलाबाचे काटे आकड्यासारखे, आणि त्यांची टोकं नेहमी बुडाकडे वळलेली. शेंड्याकडून बुडाकडे बोटं नेली तर सरसर घसरतात. उलट नेली की अडकतात, रक्त काढतात. ती रडली तर अप्पा म्हणायचे, "काटा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

आणि दुसरा धडा असा, की बांधलेल्या कलमाला एकवीस दिवस हात लावायचा नाही. लागलं का बघू म्हणून ओढायचं तर नाहीच. गप बसायचं, लागू द्यायचं. मुंगीला लहानपणी हा धडा पहिल्यापेक्षा अवघड गेला होता.

२

अप्पा पडले तेही काड्यांच्या हंगामातच. भर सकाळी, शेडमध्ये, सगळ्यांसमोर. बोलता बोलता त्यांचं तोंड वाकडं झालं, हातातला चाकू गळाला आणि ते नुकत्याच तोडलेल्या खुंटांच्या भाऱ्यावर डाव्या अंगानं कोसळले.

मुंगीनं त्यांना उलथवलं तेव्हा डाव्या तळहातात एक हिरवी काडी घुसली होती. तिनं ती उपसली. बरीचशी आली, टोक आत मोडलं असावं. रक्त थांबेना. डोकं बधिर झालं होतं, पण हातांना त्यांचं काम ठाऊक होतं. त्यांनी बादलीतलं ओलं शेवाळ उचललं, तळहातावर थापलं आणि एप्रनच्या खिशातली कलमाची प्लॅस्टिकपट्टी वरून करकचून गुंडाळली. तिच्याकडे दुसरं होतं काय?

हॉस्पिटलात सगळ्यांना मेंदूची काळजी. हाताकडे कुणी बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी नर्सनं पट्टी सोडली आणि नाक मुरडून विचारलं, "हे काय बांधलंत हो?"

मुंगी ओशाळली. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की फांदीला मुळं फुटावीत म्हणून जशी गुटी बांधतात, तशी तिनं बापाच्या हाताला गुटी बांधली होती. शेवाळ, पट्टी, दोन गाठी, सगळं यथासांग. नर्सनं जखम धुतली. ती आश्चर्य वाटावं इतकी छान भरली होती.

३

अप्पा घरी आले ते अर्धे. डावं अंग मेलेलं आणि वाचा गेलेली. चाळीस वर्षं टोमणे मारणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला होता, 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, कूस बदलायची तरी पाणी. मुंगी समोर आली की तिच्याकडे बघून डोळे भरून यायचे आणि ओठ खूप धडपडायचे. बाहेर पडायचं ते पाणीच.

तिला आई नव्हती, नवरा नव्हता. जे होतं ते हेच. रात्री झोपताना ती देवाकडे मोठं काही मागत नसे. एकदा मुंगी म्हणू देत, आणि त्या डाव्या हातानं माझा हात धरू देत. बाकी राहू दे तुझ्यापाशी.

घराचा दिनक्रम लागला. सकाळी ती अप्पांचं अंग पुसायची, भरवायची, मागची खिडकी उघडायची आणि कामाला जायची. दिवसा शेजारच्या मावशी येऊन बसत, विणत आणि अखंड बोलत. आठवड्यातून दोनदा हातपाय हलवून घ्यायला एक तरुण बाई यायची. मावशी तिला व्यायामवाली म्हणत, आणि ती चिडायची नाही.

व्यायामवालीनंच पहिल्या दिवशी खिडकी दाखवली. "हे काय जंगल? उजेड नाही, वारा नाही. माणूस बरा कसा होणार?"

खिडकीबाहेर रानगुलाब होता. अप्पांनीच वीस वर्षांपूर्वी लावलेला. 'सगळ्यांची मुंडकी उडवतो, एकाला तरी त्याच्या मनासारखं वाढू दे,' म्हणाले होते. तो वाढला तो असा, की भिंत झाकली, पन्हळ गिळली आणि खिडकीच्या गजांत हात घातले. मुंगीनं नर्सरीतला खड्डे खणणारा गडी बोलावला. दिवसभर खपून त्यानं बुंधा मुळासकट उपटला आणि गाडीत घालून नेला. गजांत पिळून बसलेल्या एकदोन फांद्या मात्र निघेनात.

"राहू द्या ताई," तो रक्ताळलेले हात झटकत म्हणाला. "बूडच नाही तर जगतील किती? सुकल्या की काडकन मोडतील."

४

त्या सुकल्या नाहीत.

मुंगीनं पंधरा दिवस वाट पाहिली. खुंटाचं लाकूड चिवट, लवकर मरत नाही, हे तिला माहीत होतं. तीन महिने झाले तरी पलंगामागे खाली गेलेली एक फांदी हिरवीगार होती, आणि गजांबाहेर तिला नवी पालवी फुटली होती. मुंगीनं सवयीनं पानं मोजली. एका देठाला सात. बागेतल्या गुलाबाला बहुधा पाच, रानट्याला सात.

असेल, ती म्हणाली. शेंडा खाली भिंतीच्या भेगेत टेकला असणार, धरलं असणार मूळ. या जातीला दुसरं काय येतं? तिला स्वतःचंच हे उत्तर पटलं, आणि कामाच्या गडबडीत विषय मागे पडला.

त्याच सुमारास अप्पांच्या डाव्या हाताची मूठ वळली. बोटं अशी घट्ट मिटली की उघडता येईनात. व्यायामवाली म्हणाली, "या आजारात होतं असं. जबरदस्ती करू नका, मोडाल काहीतरी." मग ती तीन आठवड्यांसाठी तिच्या बहिणीकडे गेली, कारण तिलाही आयुष्य होतं.

अप्पांनी नवं खूळ काढलं. पलंग भिंतीला लागून होता, मध्ये वीतभर फट. त्यांना डावा हात त्या फटीत सोडून पडायचं असे. वर घेतला की तोंड वेडंवाकडं करायचे. मुंगीनं मग खांद्यापासून कोपरापर्यंतच पुसायला सुरुवात केली. खाली गार लागत असेल, बरं वाटत असेल. आजारी माणसाशी हुज्जत कोण घालणार?

रविवारी सकाळी ती खिडकीचे गज पुसत होती. गजाबाहेर आलेला कोवळा फुटवा डोळ्यांत खुपला. वास्तविक फुटवा कधी छाटायचा नसतो, जिथून आला तिथून ओरबाडून काढायचा असतो. छाटला की दोन येतात. पण कुठे पलंग हलवा, कुठे भिंत खणा? तिनं खिशातला चाकू उघडला आणि फांदीवरच्या डोळ्याच्या जरा वर, तिरका, सफाईदार काप दिला.

"आई गं!"

चाकू तिच्या हातातून निसटून बाहेर पडला. आवाज अप्पांचा होता. ते उजव्या हातानं डावा खांदा गच्च धरून बसायला बघत होते आणि घळाघळा रडत होते.

५

मुंगी त्या दिवशी घरभर नाचायची तेवढी राहिली. ज्या अंगाला चार महिने सुई टोचली तरी कळत नव्हतं, ते अंग दुखलं होतं! आणि पाणी सोडून दुसरा शब्द आला होता! डॉक्टर फोनवर म्हणाले, वेदना ही चांगली बातमी आहे. मावशी म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं, पण मुंगीनं त्यांना मिठी मारली.

चाकू आणि ओरडणं एकाच क्षणी झालं, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, म्हणून फांदीचा दोष कावळ्यावर टाकायचा नसतो. तिनं स्वतःला हे दोनदा बजावलं. दोनदा का बजावावं लागलं, याचा विचार तिनं केला नाही.

त्यानंतर अप्पा झपाट्यानं सुधारले. गालांवर तकाकी आली. 'ऊन' म्हणू लागले, 'खिडकी' म्हणू लागले. दिवसाकाठी चार तांबे पाणी पिऊ लागले, जेवण मात्र दोन घासांवर आलं. मावशींनी एकदा विणता विणता सांगितलं, "तुझा बाप दिवसभर मान फिरवतो बघ. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. ऊन जाईल तिकडे तोंड."

"पडून पडून कंटाळलेत," मुंगी म्हणाली.

"मग डोळे का मिटलेले असतात?"

त्या रात्री तिला झोप लागायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी कामावर तिनं एकोणीस काड्या उलट्या लावल्या. बाजूची बाई हसून हसून पडली.

६

व्यायामवाली परत येणार होती त्या दिवशी मुंगीनं अर्धी सुट्टी घेतली. चारला ती येईल, त्याआधी खोली झाडू, अप्पांना नवा सदरा घालू, तिला चकित करू. मावशींना तिनं घरी पाठवलं. दुपारचे तीन. खोलीत इतका लख्ख उजेड होता की धूळसुद्धा दिसत होती. अप्पा डोळे मिटून पडले होते, तोंड खिडकीकडे.

गजाबाहेर कापलेल्या ठिकाणी दोन फुटवे आले होते, हातभर लांब. एकावर फूल होतं.

मुंगी बघतच राहिली. पाच पाकळ्या, पांढरं, मध्ये पिवळा केसर. रानगुलाब वर्षातून एकदा फुलतो आणि तो महिना केव्हाच होऊन गेला होता. नर्सरीतल्या हजारो खुंटांवर आज एक कळी नव्हती.

व्यायामवाली बघेल तर म्हणेल, अजून जंगल आहेच! मुंगीनं ठरवलं, आज हे मुळासकट काढायचंच. ती अप्पांच्या अंगावरून पलीकडे वाकली आणि गजापाशी फांदी धरली. कुठून ओढावी याचा अंदाज घ्यायला तिनं बोटं आतून बाहेर, खिडकीकडे सरकवली.

काटे कचकन रुतले. बोट तोंडात घालून ती म्हणाली, "मेल्या!"

आणि मग बोट तोंडातच राहिलं.

फांदी बाहेरून आत आलेली. बूड बाहेर होतं, गड्यानं उपटलेलं, तिच्या डोळ्यांदेखत गाडीत घातलेलं. शेंडा आत, पलंगामागे. म्हणजे आतून बाहेर जाताना, शेंड्याकडून बुडाकडे जाताना, बोटं सरसर घसरायला हवी होती.

तिनं पुन्हा हात फिरवला. आतून बाहेर, काटे. बाहेरून आत, गुळगुळीत.

आपलंच चुकतंय. झोप नाही, परवा एकोणीस उलट्या लावल्या, बोटंच बिघडलीत. तिनं एप्रनच्या खिशात हात घातला. नर्सरीतली एक काडी नेहमीसारखी तिथे होती. तिनं डोळे मिटले, काडी बोटांत फिरवली, बूड ओळखलं, डोळे उघडून खात्री केली. बोटं शाबूत होती. मग तिनं डोळे मिटून पुन्हा खिडकीतल्या फांदीवर बोटं ठेवली.

ही फांदी बाहेरून आत येत नव्हती. आतून बाहेर जात होती. हिचं बूड या खोलीत होतं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. डोकं अजून वकिली करत होतं, की बी पडलं असेल, फरशीखाली जुनं मूळ राहिलं असेल, घराच्या आतूनही उगवतं कधीकधी, लोकांच्या न्हाणीघरात पिंपळ उगवतात. हो, तसंच. बघितलं की कळेल. हात घालून बघायचं, एवढंच.

७

तिनं डावा हात फांदीवर ठेवला आणि खाली सोडला. काटे तिला अडवत नव्हते. हात आपसूक घसरत होता, जणू तिला उतरणीवर कुणी सोडलं होतं. गादीच्या कडेखाली. रजईच्या टोकाखाली. फटीतल्या अंधारात फांदी जाड होत गेली, करंगळीएवढी, अंगठ्याएवढी. ती फरशीकडे गेली नाही. मध्येच वळली आणि वर, पलंगाकडे आली.

मग ओलं काहीतरी. शेवाळासारखं मऊ, आणि कोमट.

मग बोटांची पेरं. अप्पांची मिटलेली मूठ तिनं लगेच ओळखली. फांदी मुठीत होती. धरली असेल त्यांनी, तिच्या मनात आलं, आणि क्षणभर तिला हसूच आलं, की चाळीस वर्षांचा हात, दिसली काडी की धरली! तिनं काडी सोडवायला बोट मुठीत सारलं आणि तळहातापर्यंत नेलं.

मुठीनं काडी धरलेली नव्हती. काडी आणि तळहात यांच्या मध्ये कुठेही, कुठेच, फट नव्हती. साल सलग होती.

एवढ्यात महिनाभर न उघडलेली मूठ उघडली. एकेक बोट सावकाश सुटलं आणि सावकाश तिच्या हाताभोवती मिटलं. पकड चांगली होती. घट्ट, उबदार, पूर्वीसारखी.

तिनं वर बघितलं. अप्पांचे डोळे उघडे होते. तोंड वाकडं नव्हतं.

"मुंगे," ते म्हणाले.

स्वच्छ, तोच आवाज, तोच फटकळ लाड. जे ऐकायला ती चार महिने जीव टांगून बसली होती ते अखेर आलं, आणि तिला ते नको होतं. तिला किंचाळायचं होतं आणि त्यांच्या कुशीत शिरून रडायचंही होतं. दोन्ही एकदमच.

"अप्पा, सोडा ना."

"सांग बघू. बूड कुठलं?"

बाहेर दाराची घंटा वाजली. व्यायामवाली. ठरल्यापेक्षा बरीच आधी.

"अप्पा, दार उघडायचंय. सोडा मला."

"मुंगे. बूड कुठलं?"

काटा खोटं बोलत नाही. आणि अप्पांनी विचारल्यावर तिनं कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"तुमच्यात," ती म्हणाली. आवाज सहा वर्षांच्या मुलीचा निघाला.

"शाबास."

तिनं हात मागे ओढला. आत जाताना ज्या काट्यांनी साधा ओरखडा काढला नव्हता ते सगळे एकदम तिच्या मनगटात रुतले. उजव्या हातानं तिनं खिसा चाचपला. चाकू होता. तिनं तो दातांनी उघडला, पातं फांदीपर्यंत नेलं, आणि त्या रविवारचं 'आई गं' तिच्या कानांत वाजलं. छाटलं की दुप्पट फुटतं. ओरबाडून काढायचं असतं, जिथून आलंय तिथून. तिनं अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पातं तिथेच राहिलं.

तिच्या तळहाताच्या मधोमध काहीतरी टोचलं. बारीक, हिरवं दुखणं. मग ते पुढे सरकलं.

घंटा पुन्हा वाजली. "ताई? आहात ना घरात?"

मुंगीनं ओरडायला तोंड उघडलं आणि हाताला जोराचा हिसडा दिला.

"अं हं," अप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले. कलमांच्या वाफ्याशी उतावीळ लेकीला ते असंच समजावायचे. "ओढू नकोस. लागू दे."

आणि तिचा हात, जन्मभराच्या सवयीनं, हलायचा थांबला.